स्किनचा डबा

मी लय भित्री. पालीला भिते, कुकरला भिते, बँकेतल्या मशीननं कार्ड आत ओढलं की माझा जीवबी त्याच्यासंगं आत जातोय. सासूबाई नुसत्या खाकरल्या तरी हातातलं भांडं खाली. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे पुढं मी शिडीवर चढले ते वाचून कुणी म्हणायला नको की बाई धाडसाची दिसती. धाडस कसलं, न्हाई म्हणायचीबी भीती वाटली म्हणून चढले.

माझं माहेर माधवनगरचं. नववीत गणित राहिलं आन् शाळाबी राहिली. मग आईनं मला विश्रामबागेत एका बाईंच्याकडं स्वयंपाकाला लावलं. बाई म्हंजे चित्रकलेच्या शिक्षिका, रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्यांना बोलायला माणूस लागायचं आन् मला खरकटं काढताना ऐकायला कायतरी लागायचं, त्यामुळं आमचं जमलं. त्यांच्याकडं एक जाड पुस्तक हुतं, दोन हातांनी उचलावं लागायचं, नुसती चित्रंच. पोळ्या झाल्या की त्या एक पान उघडायच्या आन् म्हणायच्या, "हे बघ, आणि हात पुसून बघ."

तसंच एकदा त्या अमेरिकेच्या रंगाऱ्याचं पान निघालं.

त्याचं नाव काय माझ्या जिभेवर बसलं न्हाई. काळ्या लोकांतला हुता. बाई म्हणाल्या, त्याची आई दुसऱ्यांची धुणी धुवायची, आन् हा कोळशाच्या भट्टीवर कामाला, आन् त्यातनं वेळ काढून चित्रं. मग तिकडं मंदी आली. मंदी म्हंजे अशी की चांगल्या टोपीतली माणसं फुकटच्या सूपासाठी लाईनीत उभी. तवा तिथल्या सरकारनं म्हणलं, रंगारीबी मजूरच हाय, त्यालाबी पोट हाय, त्याला भिंती रंगवायचा पगार द्या.

"म्हंजे रोजगार हमी," मी म्हणलं.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "रोज हजेरी लावायची, साहेब तपासायला यायचा, माणूस खरंच चित्र काढतोय की झोपलाय म्हणून."

आन् त्या माणसानं काढलं काय, तर राजा न्हाई, देव न्हाई. आपलीच माणसं. डोक्यावर धुण्याची टोपली घेतलेली बाई. गाठोडं घेऊन स्टेशनात बसलेलं घरदार. पायरीवर एक आई लेकीची वेणी घालतीया आन् लेक दुखतंय म्हणून तोंड वाकडं करतीया. सगळी काळी, पण एकसारखी काळी न्हवं. एक चहागत, एक गुळागत, एक पार वांग्यागत, आन् सगळ्यांच्या अंगावर ऊन पडल्यासारखं. बाई म्हणाल्या, दुकानात तवा अंगाच्या रंगाची एकच ट्यूब मिळायची आन् ती गुलाबी. त्यानं ती कधी घेतलीच न्हाई. आपला रंग आपण कालवायचा.

"मग त्याचे लोक खूश झाले आसतील," मी म्हणलं.

"कसले खूश! शेजारीण म्हणाली, माझं नाक एवढं कुठं आहे, आणि जरा उजळ काढ की रे मला."

"मग त्यानं काय केलं?"

आन् नेमका तवाच कुकर शिटी मारायला लागला. मी भिऊन पळाले, गॅस बंद करून येस्तोवर बाईंनी पुस्तक मिटलेलं. मग माझं लग्न ठरलं, मी उंब्रजच्या पलीकडं एका गावात आले, आन् त्यानं पुढं काय केलं ते माझं ऐकायचंच राहिलं.

माझे मालक फौजेत हाईत. आमची पोरगी झाली ती त्यांच्या वळणावर, नाक त्यांचं, कपाळ त्यांचं, रंगबी त्यांचाच. पण आत्या, म्हंजे माझ्या सासूबाई, हे मानायच्या न्हाईत. म्हणायच्या, "माझं पोरगं गोरं हुतं, तिकडं बॉर्डरवर उन्हानं रापलं."

"आवं आत्या, तिकडं तर बर्फ हाय."

"बर्फात ऊन नसतंय व्हय?"

म्हणून रोज सकाळी पोरीला डाळीचं पीठ आन् साय. घासून घासून पोरगी लाल व्हायची, आन् आत्या म्हणायच्या, "बग, निघालाय का न्हाई रंग." पोरगी चार वर्षांची झाली तरी रंग काय निघाला न्हाई.

ती अंगणवाडीत जायला लागली. तिथं पोरांना चिऊ-काऊची गोष्ट नाटक करून शिकवायचे. चिऊ दरवेळी येगळी, कधी हिची पोरगी कधी तिची. काऊ मात्र ठरलेला. माझी. एकदा घरी आली, दप्तर टाकलं, आन् आपली सहज म्हणाली, "आई, मी धुतली की मग चिऊ हुणार."

मी भाकरी थापत हुते. भाकरी परातीतच ऱ्हायली. जाऊन अंगणवाडीच्या ताईंना सांगावं म्हणलं, पण ताईंच्या म्होरं गेलं की मला शाळेत गेल्यागत वाटतंय. तशीच परत आले.

मग एक दिस ताईच घरी आल्या. अंगणवाडीच्या भिंतीवर फ्लेक्स हुता, हसऱ्या पोरांचा, तो वाऱ्यानं फाटून गुरांच्या गोठ्यावर जाऊन पडलेला. आन् तालुक्याच्या मॅडम तपासणीला येणार हुत्या. ताई म्हणाल्या, "तुमची रांगोळी बगितलीय मी. भिंत काढून द्या. पोरं खिचडीला बसल्यात असं कायतरी. नीट झालं तर बाकीच्या अंगणवाड्यांच्या भिंतीबी तुमालाच सांगतील मॅडम."

मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझी पोरगी माझ्या पदराला धरून म्हणती, "माझी आई काडती! माझी आई समदं काडती! मलाबी काडणार!"

उघडलेलं तोंड मिटलं.

ग्रामपंचायतीनं तेलरंगाचे डबे दिले. पांढरा, निळा, हिरवा, पिवळा, काळा, आन् फाटकाला लावायचा लाल गेरूचा. आन् एक डबा, वर चिठ्ठी, 'स्किन'. झाकण उघडलं तर गुलाबी. दाताच्या डॉक्टरकडं त्या कवळ्या ठेवल्यात, त्यांच्या हिरडीचा रंग. मी गावातली सगळी पोरं डोळ्यांपुढं आणून बगितली, त्या रंगाचं एकबी पोरगं सापडंना. सर्दीनं नाक पुसून पुसून लाल झाल्यावर नाकाचा शेंडा तेवढा तसा हुतो.

मला विश्रामबागेतलं ते पान आठवलं. पायरीवरची आई आन् लेक. मी स्किनचा डबा बंद केला आन् शिडीखाली सारला.

आत्यांनी शिडी धरली. धरली म्हंजे, एका हातानं शिडी आन् दुसऱ्या हातानं येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार. "पडशील गं," म्हणत ऱ्हायच्या, त्यामुळं मी आणखी भ्यायचे. गेरूत पिवळा, थेंबभर काळा, जरासा पांढरा. अकरा पोरं काढली, मांडी घालून, म्होरं ताटल्या. आन् मधी माझी पोरगी, तिच्या हातात पळी, ती खिचडी वाढतीया. बसलेली न्हाई, उभी. भिंत माझ्या हातात हुती, मग मी आपल्या पोरीला खाली कशाला बसवू?

सांच्याला ताईंनी बगितलं. मग म्हणाल्या, "छान हाय. पण... सगळी उन्हातनं आल्यागत वाटत्यात न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आया जमल्या. फ्रॉकावरनं, केसाच्या झुपक्यावरनं, वरच्या पडलेल्या दातावरनं जिनं तिनं आपलं पोरगं बरोबर हुडकलं. तिथपतोर माझी छाती फुगली हुती.

"आगं, हा शर्ट आमच्या बाळ्याचा, पण तोंड कुणाचं हे?"

"तुमच्याच बाळ्याचं की ओ वैनी."

"आमचा बाळ्या गव्हाळ हाय!"

"गव्हाळ? आवं, भाजलेला गहू!" शेजारची म्हणाली.

"तुझं तू बग आदी, तुझं तर पार खरपूस काढलंय!"

एकीनं मोबाईल काढून माझ्या नाकाला लावला. "हे बग, वाढदिवसाचा फोटू. हितं कसा गोरापान हाय. ह्याच्यावरनं काढायचं." फोटूत पोराला सशाचे कानबी हुते, ते काढायचे का म्हणून मी इचारणार हुते, पण भ्याले. मजा अशी की दुसऱ्याच्या पोराबद्दल कुणाची तक्रारच न्हवती. "बाकीची बरोबर काढलीस बग," सगळ्याच म्हणायच्या, "आमचंच तेवढं चुकलंय."

मग कुणीतरी म्हणलं, "आन् ही पळीवाली लय काळी झालीया."

आत्यांनी शिडी सोडली. मी वर हुते, दुसरा हात मारत. "कुणाला काळी म्हणतीस गं? माझ्या नातीला? माझ्या नातीला काळी म्हणायचं न्हाई कुणी! ते मी म्हणीन!"

एवढ्यानं मिटलं आसतं तर बरं. पण सकाळी जाऊन बगते तर माझं काळीजच फाटलं. तेलरंग वाळायला येळ लागतो, वल्लाच हुता. आन् कोणकोण आया पहाटं येऊन आपापल्या पोराच्या तोंडाला पावडर लावून गेल्या हुत्या! रोज अंगणवाडीत धाडताना लावत्यात तशीच, पावडरच्या डब्यातल्या फुलानं, थपथप. वल्ल्या रंगात पावडर बसली ती बसलीच. सगळी पोरं पिठाच्या गिरणीतनं आल्यागत. खिचडी खातायत की भूत झाल्यात कळंना. आन् माझी पोरगी? तीबी पांढरी. सगळ्यात जास्त पांढरी.

मी मागं वळून बगितलं. आत्यांच्या बोटांना आजून पावडर हुती.

"आत्या!"

"आगं, सगळ्यांच्या आया लावत हुत्या. आपलीच तेवढी उघडी दिसली आसती."

आन् मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी येणार.

ताई डोक्याला हात लावून बसल्या. मग शिडीखालनं स्किनचा डबा काढला आन् माझ्या हातात दिला. "ह्याचा एक हात मारा सगळ्यांच्या तोंडावर. सगळी फ्लेक्सवर हुती तशी दिसतील. आया बी खूश, मॅडम बी खूश."

मी मालकांना फोन केला, रेंजच न्हाई. मग बाईंना केला, विश्रामबागेत. पाच-सहा वर्षांनी. म्हणलं, "बाई, लवकर सांगा, त्या अमेरिकेच्या रंगाऱ्यानं पुढं काय केलं? शेजारणीला उजळ केलं का न्हाई?"

"कुठली शेजारीण?"

"ती न्हवं का, नाकाची तक्रार करणारी. तुमीच सांगितलं हुतं, कुकर झाला तवा."

बाई म्हणाल्या, "अगं, पुस्तकात शेजारीण कुठं आहे? तू त्या दिवशी रडवेली होतीस, घरून बोलणी खाऊन आली होतीस. मी आपलं काहीतरी लावून सांगितलं असेल, तुला हसवायला."

मला रडू का हसू कळंना. एवढी वर्षं मी त्या शेजारणीला मनात शिव्या देत हुते, आन् ती न्हवतीच.

"मग चित्रबी खोटं?"

"चित्र खरं. मंदी खरी, धुणी धुणारी आई खरी, हजेरी खरी. गुलाबी ट्यूबचं मात्र आता मला खात्रीनं सांगता येणार नाही."

फोन ठेवला. म्हंजे आता इचारायला कोणच न्हाई. मी ब्रश स्किनच्या डब्यात बुडवला. खरं सांगते, बुडवला. शिडीची एक पायरी चढलेबी. खाली माझी पोरगी फतकल मारून बसलेली, ती म्हणाली, "आई, पयली मला गोरी कर. मग बाकीची."

पाय तिथंच आडकला. वर जाईना, खाली येईना.

मग मी खालीच उतरले. तिच्याजवळ बसले. काय बोलावं ते मला कधीच सुचत न्हाई, हातानं तेवढं जमतंय. डब्याच्या झाकणावर गेरू घेतला, पिवळा घेतला, म्हणलं, "तुझा रंग कसा करायचा ते बगायचंय का?" ती काडीनं ढवळायला लागली. जरा काळा. लय झाला. जरा पांढरा. अजून पिवळा. मग एक टिपका घेतला आन् तिच्या हातावर लावला. दिसला. परत कालवलं, परत लावला. दिसला. चौथ्यांदा लावला, आन् टिपका गेला.

"आई, गेला कुटं?"

"हाय की तितंच."

"कुटं हाय?" तिनं हात उलटा केला, सुलटा केला, डोळ्याला लावला. मग खिदळायला लागली. "गुपित झालं! अजून एक लाव!"

तिचं खिदळणं ऐकून बाकीची पोरं आली, आन् सगळ्यांनी हात म्होरं केले. "माझाबी घालव! माझाबी घालव!" मग काय, पाव्हण्यांना हळद-कुंकू लावावं तशी मी एकेकाच्या हाताला रंग लावत सुटले. ज्याचा टिपका दिसंनासा हुईल तो त्याचा रंग. रॉकेलच्या बोळ्यानं भिंतीवरची पावडर पुसायची आन् तो रंग भरायचा. बारा पोरं, बारा रंग, आन् दोन सारखे न्हवते. आया आल्या भांडायला, पण भांडणार कशावर, हात तर त्यांच्याच पोराचा. एकच हुशार निघाली. पोराचा शर्ट वर करून म्हणाली, "हाताचा नगं, पोटाचा रंग घ्या! पोट गोरं हाय त्याचं!"

"आवं वैनी, भिंतीवर पोट दिसत न्हाई."

"मग दिसंल आसं काडा की!"

सगळ्या पोरांचे हात मग खोबरेल तेलानं पुसले, ह्या सगळ्यात माझा अख्खा दिस गेला.

सकाळी मॅडम आल्या. मी भिंतीच्या कोपऱ्याला लपले हुते. त्यांनी वजनकाटा बगितला, खिचडी चाखली, रजिस्टर बगितलं. मग भिंतीम्होरं उभ्या राहिल्या. लय येळ.

"कुणी काढलं?"

ताईंनी मला कोपऱ्यातनं ओढून काढलं.

"शासनाच्या नमुन्यात मुलं अशी नसतात. स्किन कलर दिला होता ना?"

माझ्या तोंडातनं जे सुटलं ते मला आजबी नीट आठवत न्हाई. म्हणलं, मॅडम, अमेरिकेत मंदी हुती, आन् तिथं एक रंगारी हुता, त्याची आई धुणी धुवायची, त्याला सरकार पगार द्यायचं, हजेरी असायची, साहेब यायचे तपासायला, तुमी आला तसेच, आन् त्यानं आपली माणसं आपल्या रंगाची काढली, शेजारीण खोटी हाय पण चित्र खरं हाय, आन् माझी पोरगी रोज काऊ हुती. एका दमात. दम संपला म्हणून थांबले.

मॅडमना त्यातलं काय कळलं देवाला ठाऊक. ताईंनी डोळे मिटून घेतले हुते. भिंतीला चुना लागणार, एवढंच माझ्या डोक्यात. उद्या पोरगी येणार आन् तिथं कायच नसणार.

मॅडम पोरांच्याकडं वळल्या. "सांगा बरं, ह्यात तू कोण?"

पोरं पळाली. जो तो आपापल्या चित्राखाली उभा. आन् मधल्या पळीवालीखाली दोघी. एक माझी, आन् एक त्या पोट दाखवणाऱ्या वैनीची थोरली, दुधागत गोरी, नाटकात कैकदा चिऊ झालेली. ती म्हणती, "ही मी! पळी माझ्याकडं हाय!"

"न्हाई, ती मी!"

"मी!"

"रंग बग की तिचा!" माझी पोरगी वरडली. "तुजा हाय का? तुजा न्हाईच! तो माझाय! माझ्या आईनं चार डाव कालवलाय!"

दुसरीनं तिला ढकललं. माझीनं मग तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला, आन् अंगणवाडीत जी बोंब उठली ती ऐकून समोरच्या रसवंतीवरची माणसं धावत आली.

मॅडम खुर्चीत बसून तोंडाला रुमाल लावून हसत हुत्या. मग शेऱ्याची वही मागवली आन् लिहिलं. त्या गेल्यावर ताईंनी वाचून दाखवलं. 'भिंत चांगली आहे. तशीच ठेवावी. मुले चावतात, लक्ष द्यावे.'

मी त्या दुसऱ्या पोरीची आन् तिच्या आईची माफी मागितली, पाण्यानं तिचा दंड धुतला, फुंकर घातली. मग माझ्या पोरीला वडत भाईर आणलं आन् पाठीत एक धपाटा घातला. मीच मग तिथं पायरीवर बसले आन् हुंदके देऊन रडायला लागले.

पोरगी पाठ चोळत माझ्याकडं बगत राहिली. मग म्हणाली, "आई, मारलंस तू मला. रडतीस का तूच?"